माझ्या पोटासाठी झालेल्या प्रार्थना

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली अर्धे आयुष्य काढले त्या पाद्रीसाहेबांना नाही. देवाला सांगितले, असे म्हणेन — पण देवाला सांगणे सोपे असते. तो ऐकून घेतो आणि आपली विहीर बंद करत नाही. माणसाला सांगायचे म्हणजे निराळे. तुम्ही मला ओळखत नसाल, किंवा ओळखत असाल तर एक भला माणूस म्हणून ओळखत असाल. तेच आता मला सोसवत नाही.

निमित्त लहानसे झाले. गेल्या महिन्यात महाडच्या आमच्या मंडळीत उपासना संपल्यावर कचेरीतल्या एका कारकुनांनी माझा हात धरला. नवेच बदलून आलेले गृहस्थ. म्हणाले, "मास्तर, प्रभूची प्रार्थना म्हणावी तर तुम्हीच. आम्ही घडाघडा म्हणतो आणि मोकळे होतो. तुम्ही एकेका ओळीला थांबता. डोळ्यांत पाणी असते तुमच्या. इतकी मनापासून म्हणायला कुठे शिकलात?"

मी म्हणालो, "वयाने येते ते."

खोटे बोललो. ते वयाने आलेले नाही. ते कुठे आले, कोणत्या दिवशी आले, कोणाच्या अंथरुणाशेजारी आले, हे मला पक्के ठाऊक आहे. मी थांबतो, कारण मला पुढची ओळ उच्चारायची भीती वाटते. लोक तिला भक्ती म्हणतात. मी त्यांना म्हणू देतो. किती वर्षे म्हणू देणार?

माझे वडील कासार. तरुणपणी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या घरच्यांनी, मेलेल्या माणसाच्या नावाने फोडतात तशी, त्यांच्या नावाने घागर फोडली. त्यांनी सोसले ते खरे सोसणे होते, त्याबद्दल मी काही उणे बोलणार नाही. पण आमच्या घरात चुलीच्या वर एक फळी होती. तिच्यावर एका टोकाला दोन पितळी पेले निराळे ठेवलेले असत. महारवाड्यातले आमचे ख्रिस्ती बंधू भेटायला आले की आई त्यांना त्या पेल्यांतून चहा देई, आणि ते गेले की पेले राखेने घासून पुन्हा त्याच टोकाला. यावर घरात कोणी कधी एक शब्द बोलले नाही. आम्हां मुलांना कोणी शिकवलेही नाही. देव बदलला होता, फळी तशीच होती.

तिशीच्या सुमारास मला पोलादपूरच्या शाळेवर नेमले. मिशनची लहानशी शाळा, मी एकटा मास्तर. रविवारी ओढ्यापलीकडच्या वाडीत जायचे आणि लखूबाबा म्हणून एक म्हातारे होते, त्यांच्या अंगणातल्या मांडवात उपासना चालवायची. मंडळी म्हणजे महारवाड्यातली आठ-दहा कुटुंबे. पाद्रीसाहेब महाडहून महिन्यातून एकदा येत आणि प्रभुभोजन देत. एरवी वचन वाचणारा, गीत सांगणारा, प्रार्थना म्हणवून घेणारा मी.

राहायला पेठेत जागा मिळाली. घरमालक दामूशेठ, किराणा मालाचे दुकानदार. मागच्या अंगणात विहीर. पहिल्याच संध्याकाळी ते सुपारी कातरत माझ्या दारात येऊन बसले.

"मास्तर, तुमचा येशूबिशू काय असेल तो असो. आमची ना नाही. तुमचे वडील कासार, म्हणजे तसे तुम्ही आमच्यातलेच. पण एक विचारू? राग नका मानू."

"विचारा की."

"तिकडे वाडीत शिकवता, गाता, सगळे ठीक. जेवत नाही ना तिकडे?"

मी म्हणालो, "छे."

"झाले तर मग. पोहरा तिथे खुंटीला टांगलेला आहे. विहीर तुमचीच समजा."

हा एवढा एक 'छे' मी फार वर्षे माझी सबब म्हणून जपला. बायको होती, दोन लहान मुली होत्या. उन्हाळ्यात पोलादपुरात पाण्याला कुठवर जावे लागते हे तुम्हांला माहीत असेल. मी स्वतःला सांगत असे — मी जातपात मानत नाही, पण मुलींच्या तोंडचे पाणी कसे काढू? बाकी मी काय करू शकत होतो? हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारला की त्याला उत्तर असू शकते हेच विसरलो.

प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा पेला एकच असतो, सर्वांनी त्यातूनच प्यायचे. त्याची तोड मी पहिल्याच महिन्यात काढली. पाद्रीसाहेबांनी पेला उचलला की मी सर्वांच्या आधी पुढे जाऊन गुडघे टेकत असे. पहिला घोट माझा. माझ्या आधी त्या पेल्याला कोणाचे ओठ लागलेले नसत. लोक म्हणत, मास्तरांना प्रभूची केवढी ओढ! पाद्रीसाहेबांनी एकदा उपदेशात माझा दाखला दिला. मी मान खाली घालून ऐकले. ती मान नम्रतेने खाली गेली, असे त्यांना वाटले असेल.

पण जेवणाचे काय करणार? भात कापून झाले की मंडळीचे प्रीतिभोजन असे. सगळ्यांनी एका पंगतीत बसायचे. पहिल्याच वर्षी माझ्यापुढे पान मांडले, भात वाढला, त्यावर सुकटीचे कालवण. सगळे माझ्याकडे बघत थांबलेले — मास्तर सुरुवात करतील म्हणून. माझ्या तोंडून निघून गेले, "मला पोटाचा विकार आहे. वैद्यांनी बाहेरचे अन्न बंद केले आहे."

मला कसलाही विकार नव्हता. तेव्हाही नाही, आजही नाही. दगड खाल्ला तरी पचेल असे माझे पोट आहे.

आणि त्यांनी विश्वास ठेवला! इतक्या सहज ठेवला की मला आतून हसूच आले. पंगतीतून हळहळ उठली. सगुणाबाई म्हणून एक विधवा बाई होती, त्या वाडीत पहिला बाप्तिस्मा तिचा. ती पंगतीच्या टोकाहून म्हणाली, "अगो बाय, एवढ्या तरण्या वयात?" आणि जेवण थांबवून तिने तिथल्या तिथे हात जोडले. "बापा, आमच्या मास्तरांचं पोट बरं कर. त्यांना दोन घास गोड लागू देत." सगळ्यांनी आमेन म्हटले. मीसुद्धा म्हटले.

त्यानंतर दर रविवारी हे चालू झाले. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची वेळ आली की वाडीतल्या तापकऱ्यांची नावे होत, बाळंतिणींची होत, आणि मग सगुणाबाई माझ्या पोटाचे नाव घेई. न चुकता. लखूबाबा थट्टेखोर माणूस. एकदा म्हणाले, "अगो सगुणे, मास्तरांच्या पोटापायी देवाला एवढी गळ घातलीस की आता त्याचंच पोट दुखाय लागंल." सगळे हसले. सगुणाबाई म्हणाली, "दुखू दे. म्हंजे तरी त्याला कळंल, आमच्या मास्तरांना काय होतं ते."

मी हसण्यात सामील झालो. सांगा, दुसरे काय केले असते तुम्ही? नाही — हे विचारत नाही मी. हा प्रश्न मागे घेतो.

ते पहिले वर्ष सरले तेव्हा तिने भाकरी द्यायला सुरुवात केली. तांदळाची पोटाला जड पडते, नाचणीची हलकी, थंड — हे तिला कोणीतरी सांगितले होते. रविवारी पहाटे उठून ती जात्यावर नाचणी दळायची, एकच भाकर भाजायची आणि केळीच्या पानात बांधून उपासना संपली की माझ्या हातात द्यायची. "हितं नका खाऊ, मास्तर. घरी निवांत खावा. वैद्याला बी नाय कळायचं." हे बोलताना तिला हसू येई, जणू आम्ही दोघे मिळून त्या वैद्याला फसवत होतो.

मी ती घेत असे. आभार मानत असे. वाडी आणि पेठ यांच्या मध्ये ओढा होता आणि ओढ्यावर लाकडी साकव. साकवाच्या मध्यावर आलो की मागे-पुढे बघत असे आणि ती पुरचुंडी पाण्यात टाकत असे.

दर रविवारी. किती रविवार झाले? मी मोजले नाहीत. मोजले असते तर टाकता आली असती का?

आणि तासाभरापूर्वीच त्याच तोंडाने मी त्या सगळ्यांकडून प्रभूच्या प्रार्थनेत म्हणवून घेतलेले असे — आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. मी सांगायचो, मागोमाग ते म्हणायचे. ओळ संपली की पुढची ओळ. ती भाकर देवाने दिली होती, पानात बांधून हातात दिली होती, अजून ऊन होती, हे मला कळत नव्हते असे नाही. पण म्हणण्याची सवय झाली की कळणे आणि म्हणणे यांची गाठ पडत नाही. लहानपणापासून पाठ असलेल्या गोष्टीचे हेच होते. जिभेला रस्ता माहीत असतो, ती एकटीच जाऊन येते.

मग ते वाईट वर्ष आले. पावसाने मध्येच दडी मारली. वाडीतले जुने भात श्रावणातच संपले आणि नवे शेतात उभे राहील की नाही याची खात्री नव्हती. भाद्रपदात लोक रानात कंद खणायला जाऊ लागले. सगुणाबाईची भाकर मात्र येतच होती. जरा लहान झाली होती, एवढेच माझ्या लक्षात आले. ती कशातून येते, हा विचार मी केला नाही. टाकायच्या वस्तूचा कोण विचार करतो?

त्या दिवसांतल्या एका रविवारी मी साकवावर आलो, मागे पाहिले, पुढे पाहिले, आणि पुरचुंडी सोडली. खाली पाहायचे राहिले. खाली सगुणाबाईचा मुलगा भिवा गुडघाभर पाण्यात उभा राहून दगडांखालचे खेकडे धरत होता. पुरचुंडी त्याच्यापासून दोन हातांवर पडली. त्याने वर पाहिले.

माझ्या हातांना ते रिकामे आहेत हे लपवताही येत नव्हते. भिवा वाकला, त्याने पान उचलले, निथळू दिले. उघडून पाहिले नाही. काय आहे ते त्याला ठाऊकच होते, त्याच्या घरातली भाकर. त्याने ती कमरेच्या करगोट्यापाशी खोचली आणि पुन्हा वर बघून शांतपणे म्हणाला, "सांभाळून जा, मास्तर. साकव निसरडा झालाय."

एवढेच.

पुढचा आठवडा मी कसा काढला! आता वाडीत कळेल, पाद्रीसाहेबांना कळेल, नोकरी जाईल. मला झोप नव्हती. पण नीट ऐका — त्या सबंध आठवड्यात सगुणाबाईला काय वाटेल याची काळजी मला एकदाही वाटली नाही. काळजी होती ती माझ्या नावाची.

रविवार आला. मांडवात मंडळी बसली होती. भिवा पुढेच बसला होता, माझ्या तोंडाकडे बघत. प्रार्थना झाली, माझ्या पोटासाठी झाली. उपासना संपली आणि सगुणाबाई नेहमीसारखी हसत आली, हातात पान. म्हणजे भिवाने तिला सांगितले नव्हते! त्या क्षणी मला जे वाटले त्याला सुटका म्हणतात. लाज नव्हे. सुटका. त्या दिवसापासून मी भाकरी साकवावरून टाकणे बंद केले. पुढे पेठेच्या अलीकडे करवंदीची दाट जाळी होती, तिथे टाकू लागलो. मी फक्त जागा बदलली.

महिनाभराने, शाळा चालू असताना, भिवा दारात उभा राहिला. "आय बोलावते. ताप उतरत नाय. चला."

तो पुढे, मी मागे. साकवाच्या तोंडाशी थांबला, वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरे झाले असते.

"मी तिला काय सांगितलं नाय," तो म्हणाला. "तुम्ही बी सांगू नका. ती काय आता उठत नाय. तिला वाटतं, तिच्या भाकरीनं तुमचं पोट सुधारलंय. तेवढं तिच्यापाशी राहू द्या."

मी मान हलवली. त्याने माझ्याकडून मागितले ते इतकेच होते.

सगुणाबाई घोंगडीवर पडली होती. तोंड एवढेसे झालेले. लखूबाबा उशाशी होते, शेजारच्या दोन बायका होत्या. मला पाहून तिचे डोळे हलले. तिने बोलायचा प्रयत्न केला, आणि पहिला प्रश्न विचारला तो हा — "मास्तर, पोट कसं हाय?"

"बरे आहे, सगुणाबाई."

तिने लखूबाबांना खूण केली. त्यांनी शिंक्यावरून एक पान काढले. लखूबाबा मला म्हणाले, "बगा ही बाय. महिना झाला, सोता कंद उकडून खाते. पोराला बी तेच. मडक्यात पायलीभर नाचणी होती तिला हात लावू दिलान नाय. म्हणे, ती मास्तरांची." ते कौतुकाने बोलत होते. "कालच्या तापात उठून भाजलीय ही. मी म्हटलं, मेलीस तरी जातं सोडू नकोस हां."

सगुणाबाई म्हणाली, "आज हितंच खा, मास्तर. माज्यासमोर. एकदा बगू दे."

पान माझ्या हातात होते. भाकर गार होती, कडेला चिरलेली. सगळे माझ्याकडे बघत होते. भिवा दाराला टेकून उभा होता, त्याची नजर जमिनीवर.

आता मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्याला मी विहिरीचे कारण देत आलो होतो. त्या खोपटात दामूशेठ होते का? पेठेतले एक तरी माणूस होते का? एक घास खाल्ला असता तर या कानाचे त्या कानाला कळले नसते. मुलींचे पाणी तुटले नसते. एक घास घेतला असता तर भिवाने मागितलेले खोटे, खोटे राहिले नसते. मी तुकडा मोडला. मोडला, हे खरे आहे. बोटांत धरला. आणि माझा घसा आवळून आला, तोंडाला पाणी सुटले, उलटीच्या आधी सुटते तसे. त्या भाकरीत काय वाईट होते? ती कोणाच्या हाताने थापली, एवढेच. विहीर कधीच आड आलेली नव्हती. जे काही होते ते माझ्या घशात होते.

मी तुकडा पानात परत ठेवला. म्हणालो, "आज जरा बिघडले आहे. घरी जाऊन खातो."

तिने माझ्याकडे पाहिले. तापातल्या माणसाचे डोळे फार स्वच्छ असतात. "नेमी खाता ना?"

मी पान पुन्हा गुंडाळू लागलो. दारातून भिवा म्हणाला, "खातात गो आये. मी सोता बगितलंय."

आणि मी म्हणालो, "हो. नेहमी खातो."

तिचा जीव शांत झालेला मला दिसला. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "आता बापाची प्रार्थना सांगा."

मी गुडघे टेकले. आमच्या स्वर्गातील बापा — म्हणालो, आणि त्या खोपटातले सगळे म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते ऐकू आले. तो जर माझा आणि तिचा बाप होता, तर ती माझी कोण होती? तुझे नाव पवित्र मानले जावो. त्याचे नाव तिथे कोणी पवित्र ठेवले होते? तुझी इच्छा पूर्ण होवो. माझ्या हातातल्या पानात त्याची इच्छा होती, एका तुकड्याएवढी, आणि ती पूर्ण व्हायला माझ्या तोंडाखेरीज काही नको होते. मग रोजच्या भाकरीची ओळ आली. माझा आवाज फुटेना. बायका रडू लागल्या. त्यांना वाटले, मास्तरांना सगुणाबाईसाठी गहिवरून आले. तिने स्वतःच ती ओळ म्हटली, मला वाट दाखवावी तशी, पुटपुटत. मी मागून म्हटली.

त्यापुढची ओळ तुम्हांला माहीत आहे. आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आमच्या अपराधांची क्षमा कर. मी ती सांगितली. लखूबाबांनी म्हटली, बायकांनी म्हटली. सगुणाबाईने म्हटली. तिला कोणाला क्षमा करायची आहे हे ठाऊकही नव्हते. मी भिवाकडे पाहिले. तोवर तो प्रत्येक ओळ म्हणत होता. या ओळीला त्याचे तोंड मिटलेले होते. ओठ घट्ट आवळून तो माझ्याकडे बघत होता. ती ओळ म्हणायची की नाही हे त्याच्या हातात होते, आणि तो प्रामाणिक माणूस होता. मनात नव्हते ते त्याने म्हटले नाही.

मी म्हटली. पूर्ण म्हटली.

बाहेर आलो तेव्हा भिवा मागोमाग आला. मांडवापाशी त्याने हात पुढे केला. "आणा ती हिकडं." मी पान दिले. त्याने ते उघडले, माझ्यासमोर उभ्यानेच ती भाकर मोडली आणि खाऊ लागला, कोरडी, गार. मोठमोठे घास. डोळ्यांतून पाणी वाहत होते ते त्याने पुसले नाही. खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "जा आता, मास्तर. पोटाला जपा."

सगुणाबाई दुसऱ्या दिवशी गेली. मी वर्षभरात खटपट करून महाडला बदली मागून घेतली. पाद्रीसाहेबांना सांगितले, पोलादपूरचे पाणी पोटाला मानवत नाही. त्यांनीही विश्वास ठेवला. आता मी सर्वांबरोबर जेवतो, कोणाच्याही हातचे, पेल्यासाठी रांगेत शेवटी उभा राहतो. त्यात काही मोठेपणा नाही. मिशनच्या आवारात आमची स्वतःची विहीर आहे, आणि घशाला हळूहळू सवय लागते. भिवा मुंबईला गोदीत लागला असे ऐकले. एकदाच दिसला. महाडात पाण्यावरून माणसे जमली होती, हजारो, रस्ता भरून तळ्याकडे चालली होती. मी खिडकीच्या फटीतून बघत होतो. त्या गर्दीत तो होता, दाढी राखलेला, कोणाशी तरी बोलत सरळ चालला होता. मला हाक मारता आली असती. मी खिडकी लावून घेतली.

त्या दिवसाचे एक सांगायचे राहिले. वाडीतून मी घरी आलो तेव्हा दुपार टळली होती. पाय धुतले. बायकोने विचारले, "म्हातारी कशी आहे हो?"

"पडली आहे. प्रार्थना केली."

"बरे केलेत. समाधान वाटले असेल तिला." तिने पाट मांडला. "वाढू का?"

मी म्हणालो, "वाढ."

भात होता, वरण होते, वांग्याची भाजी होती. मला भूक लागली होती. मी जेवलो, आणि भात दुसऱ्यांदा मागून घेतला.